आबांचा काळा-पांढरा फोटो

रोज एक फोटो काढायचा, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते चाळिशी उलटल्यावर. लेक शिकायला नाशिकला गेली, नवऱ्याला त्याचं दुकान बरं, आणि मला रविवारी करण्यासारखं काही उरलं नाही. बारामतीत फोटोग्राफीचा एक वर्ग चालतो, तिथं नाव घातलं. पहिल्याच रविवारी सरांनी माझे फोटो बघितले आणि शांतपणे म्हणाले, तुमचा कॅमेरा चांगला आहे. म्हणजे काय ते मला कळलं. राग आला, पण माणूस खोटं बोलला नव्हता. सूर्यास्त, गुलाब, आणि गुलाबामागे सूर्यास्त, याच्या पुढे माझी मजल नव्हती. सर म्हणाले, रोज एक काढा. ताप आला तर थर्मामीटरचा काढा, पण काढा. आणि काढलेला लपवून ठेवू नका, लोकांना दाखवा. चारचौघात लाज वाटली की हात आपोआप सुधारतो.

आता चारचौघांना दाखवायचं म्हणजे आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस. माझ्या फोनमध्ये कॉलेजचा स्टाफ आहे, पोरांचे पालक आहेत, आणि सासर-माहेरची मिळून अख्खी पंचक्रोशी आहे. मी इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. परीक्षानळ्या धुणं, द्रावणं बनवणं, पोरांनी हात भाजून घेतला की त्यावर पाणी ओतणं, हे माझं काम. माझ्या स्टेटसवर तोवर गणपती, शुभ सकाळ आणि लेकीचे निकाल एवढंच असायचं. त्यात एकदम बादली, चप्पल, एसटीची फुटकी काच असं काही दिसायला लागल्यावर दोघीतिघींनी घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

रोज फोटो काढायचा तर रोज काहीतरी दिसावं लागतं. तेच जमत नव्हतं. बारामती ते इंदापूर त्याच रस्त्याने जायचं, त्याच रस्त्याने यायचं. तोच ऊस, तेच ट्रॅक्टर. मग एक दिवस डोक्यात आलं, वाटेत शेळगावचा फाटा लागतो, तिथं उतरावं.

फाट्यावरून आत गेलं की माझं माहेर. म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचं, आबांचं, घर. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, आणि त्यानंतर आबांनीच मला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. स्वतःच्या लेकीत आणि माझ्यात त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. आणि मी? रोज त्या फाट्यावरून जात होते, येत होते, आणि सणावाराशिवाय कधी उतरत नव्हते. घाई असते हो, असं म्हणायचं. एसटी चुकते, भाजी आणायची असते, असं म्हणायचं. सगळ्यांनाच घाई असते.

तर मी उतरायला लागले. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. आबा हरखून गेले. वहिनी, म्हणजे त्यांच्या मुलाची बायको, शेजारणीला माझ्यादेखत सांगायची की लेक असावी तर अशी, म्हाताऱ्याची विचारपूस करायला वाकडी वाट करून येते. मी ते ऐकून घ्यायची. खरं तर मी गोठ्यातल्या उजेडासाठी जात होते. चुलीच्या धुरासाठी, आबांच्या हातावरच्या शिरांसाठी जात होते. आबांनी काही सांगायला घेतलं की मी हुं हुं करत कॅमेऱ्याच्या काचेतून बघत असायची. एकदा ते मध्येच थांबले आणि म्हणाले, ऐकतीस न्हवं? मी म्हणाले, हो, आणि बटण दाबलं.

जानेवारीत सरांनी नवीन नियम काढला. महिनाभर रंग बंद. रंगाने डोळा फसतो, म्हणाले, नुसता उजेड आणि सावली बघायला शिका. सगळ्या वर्गाने कॅमेरे काळ्या-पांढऱ्यावर लावले.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा पहिला दिवस होता. मी लवकरची एसटी पकडून फाट्यावर उतरले, कारण दिवसभर मग बाहेर पडायला मिळणार नव्हतं आणि फोटो तर हवा होता. आबा अंगणात बाजेवर बसले होते. अंगावर घोंगडं, डोक्याला काही नाही, नुकतेच उठलेले. गोठ्याच्या पत्र्यावरून ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, लांब कुठंतरी बघत होते. मी एकच फोटो काढला आणि मला तिथंच कळलं की हा जमला. इतक्या दिवसांत पहिला खरा फोटो. सुरकुती न् सुरकुती बोलत होती. मी आनंदाने वेडी झाले. चहा न घेताच निघाले, एसटीत बसून तो मोबाइलवर घेतला आणि स्टेटसला टाकला. खाली काही लिहिलं नाही. सर म्हणायचे, चांगल्या फोटोला मथळा लागत नाही.

प्रयोगशाळेत गेल्यावर नियमाप्रमाणे फोन बंद करून कपाटात ठेवला. बाहेरचे परीक्षक आले होते, पोरं सारखी मला हाका मारत होती, माझं दुसरीकडे लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत फोन चालू केला तर तो हातात नुसता थडथडायला लागला. पहिला फोन उचलला तो निमगाव केतकीच्या एका पाहुण्यांचा. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माती किती वाजता हाय? आमी निघालोय."

मी विचारलं, कुणाची माती?

मग ते म्हणाले, "आबांची."

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. आमच्याकडे जिवंत माणूस रंगीत असतो. वाढदिवसाचा फोटो रंगीत, मागे सूर्यकिरणं, डोळ्याला गॉगल. आणि तोच माणूस स्टेटसवर काळा-पांढरा दिसला, खाली काही लिहिलेलं नसलं, की तो गेला. लिहिण्याच्या मनःस्थितीत घरचे नाहीत, असं लोक समजून घेतात. हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मीसुद्धा याच मातीतली, मलाही ठाऊक होतं. पण फोटो चांगला आल्याच्या तोऱ्यात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यात टाकणारी कोण, तर आबांनी वाढवलेली पुतणी. मग शंकेला जागा कुठं?

कुणी घरी फोन करून विचारलं का नाही, असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. दोघातिघांनी केला होता. पण दादा, आबांचा मुलगा, उसाच्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर होता, त्याला त्या गोंगाटात रिंग ऐकू गेली नाही. वहिनी रानात होती. आबांचा फोन घरात चार्जिंगला होता आणि आबा गोठ्यात. आणि ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात फोन करून खरंच गेले का, असं विचारायचं तरी कसं? म्हणून लोकांनी एकमेकांना विचारलं, आणि विचारता विचारता बातमी पक्की झाली.

कॉलेजच्या शिपाईमामांनी मला मोटरसायकलवर शेळगावला सोडलं. अंगणात ही गर्दी. निमगावहून टेम्पो भरून माणसं आली होती. पानमळ्यातली पानं खुडायची सोडून आली होती, काहींच्या हाताला अजून चिकट लागलेलं होतं. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर टॉवेल, तिघाचौघांच्या हातात हार. बायका फाट्यापासूनच हेल काढत आल्या होत्या आणि आता रडं कुठं ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. मधोमध बाजेवर आबा बसलेले. वहिनी पातेल्याने चहा करत होती आणि आबा आग्रह करकरून एकेकाला पाजत होते. त्यांचा एक जुना जोडीदार त्यांचा हात धरून बसला होता. समोर जिवंत माणूस बघूनसुद्धा त्याचं रडं थांबत नव्हतं, आणि आबाच त्याची समजूत काढत होते.

मला बघून सगळ्यांच्या माना वळल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दादा नुकताच कारखान्यावरून धावत आला होता. तो सगळ्यांसमोर मला नाही नाही ते बोलला, आणि त्याचं काय चुकलं? आबांनीच त्याला गप्प केलं. म्हणाले, "आरं, चांगलं केलं तिनं. किती माणसं येत्यात ते बघायला घावलं. एरवी कुणाला घावतं व्हय?" लोक हसले. आयुष्य वाढलं आबा तुमचं, म्हणाले. आणलेले हार मारुतीला घातले आणि टेम्पो परत गेले.

पांगापांग झाल्यावर आबा आठवून आठवून कोण कोण आलं ते बोलायला लागले. तो आला, त्याचा पाय मोडलाय तरी आला. अमकी आली, तिला वाटलं नव्हतं. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि माझ्या ध्यानात यायला लागलं की ते एकाच नावाभोवती फिरत होते आणि ते नाव घेत नव्हते.

आबांना एकच बहीण. माझी आत्या, पणदऱ्याला दिलेली. पाठची बहीण, लाडकी, आणि दोघंही एकाच हट्टाची. आमच्यात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क मानतात. आत्याने आबांची लेक आपल्या मुलाला मागितली. मुलगा चांगला होता, दुधाचा धंदा होता. पण आबांनी लेकीला शिकलेलं पुण्यातलं स्थळ बघितलं. आत्याच्या मनाला ते फार लागलं. ती भर लग्नात काहीबाही बोलली, लेकीच्या चालीवरून बोलली. आबांचं डोकं फिरलं. त्यांनी तिच्या दारात जाऊन तिला सांगितलं की तुझा-माझा संबंध संपला. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. राखी नाही, भाऊबीज नाही. मीसुद्धा मध्ये पडले नाही. दिवाळीला आत्याला एक फोन करायचा, की झालं.

माझ्या फोनवर पणदऱ्याचे, म्हणजे आत्याच्या त्याच मुलाचे, कितीतरी मिस्ड कॉल होते. मी गोठ्यामागे जाऊन त्याला फोन लावला. तो म्हणाला, सकाळीच स्टेटस बघून आईला सांगितलं. आईने डोक्यावरून पाणी घेतलं. मी जीप काढून दारात उभी केली, पण ती बसेना. येणार नाही म्हणाली. मग मी त्याला आबा जिवंत आहेत म्हणून सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला की तुम्हा शिकलेल्या लोकांना कशाची थट्टा करावी ते कळत नाही.

म्हणजे आत्याला कळलं होतं. भाऊ गेला म्हणून तिने आंघोळ केली होती. आणि ती आली नव्हती.

मी परत येऊन बसले. आबा म्हणाले, "पणदऱ्याचं कुणी दिसलं न्हाय."

प्रश्न नव्हता तो, पण उत्तर तर द्यायला हवं होतं. जे माणसाला मेल्यावर कधीच कळत नाही, ते या माणसाला आता माझ्यामुळे कळणार होतं. माझ्याच्याने ते बोलवेना. मी म्हणाले, आबा, आत्याला कळलंच नाही. तिचा मुलगा डेअरीच्या कामाने बाहेर होता, त्याने स्टेटस बघितलं नाही.

आबांचा चेहरा एकदम उजळला. "तरीच," ते म्हणाले. "न्हायतर आली असती."

खोटं बोलून मी मोकळी होईन असं वाटलं होतं. कसलं काय! आबांनी ते वाक्य धरूनच ठेवलं. पुढचे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की बहिणीला बातमीच लागली नाही, लागली असती तर ती सगळ्यात आधी आली असती. दादा कपाळाला आठ्या घालून ऐकायचा. मी फाट्यावर उतरणं बंद केलं. फोटो चालू होते. डबा, खिडकी, प्रयोगशाळेतल्या बाटल्या. सर म्हणाले, अलीकडे हात बसतोय तुमचा. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

शेवटी न राहवून मी एका रविवारी वर्ग बुडवून पणदऱ्याला गेले. आत्या ओट्यावर बसून दुधाच्या कॅन घासत होती. म्हातारी झाली होती. मला बघून उठली नाही, पण वहाण काढ न् आत ये, म्हणाली. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली. मला वाटलं होतं मी समजुतीने विषय काढीन. पण माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, आत्या, भाऊ गेला असं कळूनसुद्धा तू आली नाहीस?

आत्याने कॅन खाली ठेवली. "त्यानंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "हितं ह्याच दारात उभा ऱ्हाऊन. मी मेलो तरी माझ्या मातीला येऊ नगंस. जित्या माणसाशी भांडता येतं, पोरी. मेलेल्याचा शबूद कसा मोडू?"

हे मला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी तेवढं कधी सांगितलंच नव्हतं. आत्या म्हणाली, डोक्यावरून पाणी घेतलं, दिवसभर तोंडात काही घातलं नाही, आत जाऊन पडले आणि काय रडायचं ते रडून घेतलं. मग लेकाने सांगितलं, तो हाय. हाय तर बरं हाय. तुला बातमीच लागली नाही असं मी आबांना खोटं सांगितलंय, हेही मी तिला सांगून टाकलं आणि म्हणाले, मग चल माझ्याबरोबर. ती नाही म्हणाली. त्याने त्याच्या तोंडाने बोलावलं तर बघीन, म्हणाली. दुसऱ्या कुणाचं ऐकून नाही. निघताना मी सवयीने कॅमेरा काढला, तर तिने पदर पुढे ओढला. "माझा नगं काढूस," म्हणाली, "पावण्यांस्नी परत आंघोळी करायला लागतील." आणि तेवढ्यापुरती हसली.

तिथून मी थेट शेळगावला गेले आणि आबांना सगळं सांगितलं. माझं खोटंही सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते कितीतरी वेळ बाजेची सुंभं चाचपत बसले. मग म्हणाले, "असं बोललो व्हतो मी. खरं हाय." आणि आणखी थोड्या वेळाने, "म्हंजी मी मेल्यावर बी ती यायची न्हाय. मग मला जित्यानंच जायला लागंल."

मी लगेच फोन काढला, आत्ता बोला म्हणाले. त्यांनी नको म्हणून मान हलवली. दारात उभं राहून बोललो होतो, दारात जाऊनच मागे घ्यायला पाहिजे, फोनवर नाही. दादाला यातलं काही सांगू नको, म्हणाले, कारण त्याच्या बहिणीला जे बोललं गेलं ते तो अजून विसरलेला नाही. गुडघ्यांमुळे त्यांना एसटी चढता येत नव्हती. आमच्या दुकानाची गाडी रविवारी मोकळी असायची, म्हणून मला म्हणाले, "तुझ्या गाडीनं ने मला. येत्या रविवारी."

येत्या रविवारी आमच्या वर्गाची सहल होती. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी आले होते, सरांनी होड्या ठरवल्या होत्या, रंग बंद ठेवायचा महिना केव्हाच संपला होता आणि सगळे कधीपासून त्या गुलाबी पंखांची वाट बघत होते. पुढच्या रविवारपर्यंत पक्षी राहतील याचा भरवसा नाही, असं सर म्हणाले होते. मी आबांना म्हणाले, येता नाही, त्याच्या पुढचा रविवार चालेल का? कारणही सांगितलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं ना, म्हणून खरं कारण सांगितलं. मोठी खरं बोलणारी!

आबा म्हणाले, "जा की. पक्षी काय थांबत्यात व्हय. मी हितंच हाय."

मी गेले. पहाटेचं पाणी, धुकं, होडीवाल्याने वल्हं थांबवलं, आणि तो सगळा थवा एकदम उठला. मी असा फोटो आयुष्यात काढला नव्हता. सरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. स्टेटसवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभर मला आबांची आठवणसुद्धा झाली नाही, हे मला लिहायला जड जातं, पण झाली नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, दादाचा फोन आला. आबा चहा घेऊन बाजेवर टेकले ते टेकलेच. पहिलंच वाक्य तो बोलला ते, फोटो टाकू नको कुठं. मी पोचले तेव्हा अंगणात मोजकीच माणसं होती. लोक आधी फोन करून विचारत होते, या वेळी खरं का, आणि दादाला एकेकाला सांगावं लागत होतं की हो, या वेळी खरं. शंभर वेळा त्या माणसाला आपला बाप मेल्याचं पटवून द्यावं लागलं, ते माझ्यामुळे.

पणदऱ्याला मी फोन केला. आत्याच्या मुलाने फोन तिच्याकडे दिला. मी म्हणाले, आत्या, आबा गेले. मी स्वतः त्यांच्याजवळ बसलेय. तिने हुं केलं. मी म्हणाले, तू ये. ती म्हणाली, येणार नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, त्यांनी तो शब्द मागे घेतला होता, माझ्यासमोर.

"आन् मग सांगाय का न्हाय आला?" आत्या म्हणाली. "त्याला यायचं असतं तर आला असता. तू मला बरं वाटावं म्हणून बोलतीस. त्याला बी बरं वाटावं म्हणून बोलली व्हतीस."

तिने ओळखलं होतं मला. माझ्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती, आणि दादा आतून विचारत होता, पणदऱ्याचं कुणी येणार आहे का, का उचलायचं? सगळं थांबलं होतं. मी गोठ्यामागे जाऊन भिंतीला टेकले आणि सांगून टाकलं. म्हणाले, "आत्या, ते गेल्या रविवारी येणार होते. मला गाडीतून ने म्हणाले होते. मीच नेलं नाही. मी उजनीवर पक्ष्यांचे फोटो काढायला गेले."

मग तिने लेकाला हाक मारली, जीप काढ म्हणाली, आणि मला म्हणाली, "थांबा म्हणावं. मी येतीया."

आम्ही थांबलो. पणदरे काही जवळ नाही. तोवर अंगण भरलं. जीप आली. आत्या उतरली, ती हेल काढत आली नाही. चालत आली, बायकांनी वाट करून दिली. भावाच्या उशाशी बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि दबक्या आवाजात त्याला म्हणाली, आले बघ. दादा तिच्या पाया पडला. मग ती रडली, आणि तिच्याबरोबर सगळं अंगण रडलं.

मी मागे भिंतीपाशी उभी होते. पुढे जायची माझी छाती होत नव्हती. रडं ओसरल्यावर आत्याने मान वळवून मला शोधलं आणि हाताने जवळ बोलावलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटलं आता ती मला काय बोलायचं ते बोलणार. बोलावं, असंच मला वाटत होतं.

"घावलं का पक्षी?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी मान डोलावली.

"दाव."

लोक बघत होते. मी मोबाइलवर तो फोटो उघडून तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि तिथंच, भावाच्या उशाशी बसून, नीट बघितला. मग मोबाइल मला परत दिला.

"चांगलं आल्यात," ती म्हणाली.